आनुवंशिक धोका असलेल्यांच्या दृष्टिपटलावर आधीच लेझर करून घ्यावे का?

रानजाई (धागाकर्ती)

ज्या घरांत दृष्टिपटल, म्हणजे आपण ज्याला सरसकट डोळ्याचा पडदा म्हणतो तो, तरुणपणी किंवा अगदी बालपणीच सुटल्याचा इतिहास आहे, अशा घरांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. डोळा अजून चांगला आहे, मुलाला फळ्यावरचे वाचता येते, कसलीही तक्रार नाही. तरीही पुढचा धोका टाळण्यासाठी त्या चांगल्या डोळ्यावर लेझर करून घ्यायचे का? आमचे कुटुंब सध्या याच निर्णयापाशी थांबलेले आहे. जे वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले ते इथे मांडते आहे. ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी त्यात भर घालावी, चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

माझ्या वडिलांची एका डोळ्याची दृष्टी तिशीतच गेली. ‘नंबर फार मोठा होता, म्हणून डोळा गेला’ एवढेच घरात सर्वांना माहीत होते. पुढे माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा उजव्या डोळ्याचा पडदा तो नऊ वर्षांचा असताना सुटला. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी मुलाचा लहानपणापासूनचा मोठा नंबर, जन्मतः दुभंगलेला टाळू आणि आजोबांची हकिगत या तीन गोष्टी एकत्र जोडल्या आणि स्टिकलर सिंड्रोमची शंका व्यक्त केली. जनुकीय तपासणीत ती खरी ठरली. आता प्रश्न आहे तो त्याच्या डाव्या डोळ्याचा आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांचा.

हा विकार अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे बालरोगतज्ज्ञ गुन्नार स्टिकलर यांनी १९६५ साली प्रथम सविस्तर नोंदवला. साधारणपणे साडेसात ते नऊ हजार जन्मांमागे एकास तो असावा, असा अंदाज दिला जातो. यात शरीरातील कोलॅजेन या प्रथिनाच्या घडणीत दोष असतो. सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात सीओएल२ए१ हे जनुक बाधित असते. त्यापासून तयार होणारे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन सांध्यांच्या कूर्चेत असते आणि डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या जेलसारख्या पदार्थातही, म्हणजे काचाभ द्रवातही असते. त्यामुळे एकाच माणसात मोठा ऱ्हस्वदृष्टीचा नंबर, सैल सांधे, पुढे अकाली संधिवात, कमी ऐकू येणे, दुभंगलेला टाळू आणि चपटा वाटणारा चेहऱ्याचा मध्यभाग, यांपैकी काही किंवा सगळ्या गोष्टी दिसू शकतात. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसतो.

डोळ्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे पडद्याला पडणारी प्रचंड मोठी चीर. घड्याळाच्या तबकडीवर मोजले तर तीन किंवा त्याहून अधिक तासांएवढ्या, म्हणजे परिघाच्या निदान एक चतुर्थांश लांबीच्या चिरेला ‘जायंट रेटिनल टेअर’ म्हणतात. स्टिकलरच्या रुग्णांत अशी चीर पडद्याच्या अगदी पुढच्या काठाजवळ, ओरा सेराटा नावाच्या दातेरी कडेच्या लगत पडते. ती पडल्यावर पडदा झपाट्याने सुटतो, शस्त्रक्रिया गुंतागुंतीची होते आणि लहान मूल अनेकदा काही सांगतच नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे निभावून जाते.

म्हणूनच चीर पडण्याआधी पडद्याची पुढची कड खालच्या थराला चिकटवून टाकायची, असा विचार पुढे आला. इंग्लंडमधील केंब्रिजच्या ॲडनब्रूक्स रुग्णालयातील गटाने त्यासाठी लेझरऐवजी गोठवण्याचा, म्हणजे क्रायोथेरपीचा मार्ग घेतला. त्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पहिल्या प्रकारच्या स्टिकलरच्या ४८७ रुग्णांवर आधारित आहे. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांवर आधीच उपचार झाले होते अशा २२९ जणांच्या तुलनेत, काहीच न केलेल्या १९४ जणांत पडदा सुटण्याचा धोका ७.४ पट आढळला. वय, पाठपुराव्याचा काळ वगैरे जुळवून जोड्या लावल्यावरही तो ५ पट राहिला. आमच्या भाच्यासारख्या, म्हणजे एक डोळा आधीच गमावलेल्या किंवा धोक्यात आलेल्या रुग्णांत फरक त्याहूनही ठळक होता.

माझे तीन प्रश्न आहेत. क्रायो आणि लेझर यांत निवड कशी करावी? हा उपचार कोणत्या वयात करावा? आणि ‘घरात पडदा सुटण्याचा इतिहास आहे’ एवढ्याच कारणावरून सर्वांनीच असे लेझर करून घेणे योग्य आहे का?

---

पाऊसवेडा

तुमचा तिसरा प्रश्न माझाच आहे. माझा नंबर उणे सात आहे. वडिलांचा पडदा साठीनंतर सुटला होता. गेल्या वर्षी चष्म्यासाठी गेलो असता बाहुली मोठी करून तपासणी झाली आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेला ‘लॅटिस डीजनरेशन’ असल्याचे सांगण्यात आले. आजच लेझर करून घ्या, घरात इतिहास आहे, उद्या पडदा सुटला तर जबाबदारी आमची नाही, असे सांगितल्यामुळे मी फार घाबरलो. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र काहीही करू नका, वर्षातून एकदा दाखवा, असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत. सामान्य माणसाने कोणाचे ऐकावे?

---

कृष्णाकाठ

मी दृष्टिपटलाचा शल्यचिकित्सक आहे. इथे कोणाच्याही डोळ्याबद्दल सल्ला देणे योग्य होणार नाही, कारण तो डोळा मी पाहिलेला नाही. परंतु रानजाईताई आणि पाऊसवेडा यांचे प्रश्न सारखे वाटले तरी ते दोन वेगळ्या धोक्यांविषयी आहेत. या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे काहींवर अनावश्यक लेझर होते आणि ज्यांना खरोखर गरज आहे ते उपचाराविना राहतात.

आधी लेझर नेमके काय करते ते सांगतो. हिरव्या लेझरचा प्रकाश पडद्याच्या मागील रंगद्रव्याच्या थरात शोषला जातो, तिथे नियंत्रित भाजणे होते आणि भरून येताना पडदा व त्याखालचा थर यांच्यात व्रणाची घट्ट चिकट तयार होते. ती पुरेशी पक्की व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. चिरेभोवती अशा डागांच्या तीन ओळी घातल्या की चिरेतून पाणी पडद्यामागे शिरले तरी ते पुढे पसरत नाही. शेताला बांध घालतात तसाच हा प्रकार आहे. काचाभ द्रवाची पडद्यावरची ओढ लेझरने थांबत नाही. त्यामुळे ज्या भागावर लेझर झालेले नाही, तिथे नवी चीर पडू शकते. ‘लेझर झाले, आता काळजी नाही’ हा समज म्हणूनच धोकादायक आहे.

आता लॅटिसविषयी. पडद्याच्या कडेला पातळ झालेले हे पट्टे लोकसंख्येतील सहा ते आठ टक्के लोकांत असतात. मोठा नंबर असलेल्यांत अधिक. पडदा सुटलेल्या डोळ्यांत लॅटिस वारंवार सापडते हे खरे. पण त्यावरून लॅटिस असलेल्या बहुतेकांचा पडदा सुटतो असा अर्थ काढणे चूक आहे. नॉर्मन बायर यांनी २७६ रुग्णांचे ४२३ डोळे सरासरी सुमारे अकरा वर्षे काहीही उपचार न करता पाहिले आणि त्यांत पडदा सुटल्याचे प्रकार तीन डोळ्यांत आढळले. हे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ज्याला कोणतीही लक्षणे नाहीत, चीर नाही आणि दुसरा डोळाही चांगला आहे, त्याच्या लॅटिसला सरसकट लेझर करू नये, असे बहुतेक दृष्टिपटलतज्ज्ञ मानतात ते अशा निरीक्षणांमुळे.

एका डोळ्याचा पडदा लॅटिसमुळेच सुटला असेल, तर दुसऱ्या डोळ्याचे गणित बदलते. १९८९ सालच्याच आणखी एका अभ्यासात अशा ३८८ रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्यांची सात वर्षांची माहिती आहे. पूर्ण लेझर झालेल्यांत १.८ टक्के, तर न झालेल्यांत ५.१ टक्के डोळ्यांत पडदा सुटला. फायदा आहे, पण तो मर्यादित आहे. आणि ज्यांचा नंबर उणे सहापेक्षा मोठा होता व लॅटिस घड्याळाच्या तबकडीवरील सहा तासांहून अधिक भागात पसरलेले होते, त्यांच्यात तो दिसला नाही.

याउलट, डोळ्यांसमोर अचानक वीज चमकल्यासारखे होऊ लागले, काळ्या ठिपक्यांचा किंवा काजळीचा पाऊस पडल्यासारखे दिसू लागले आणि तपासणीत घोड्याच्या नालेच्या आकाराची ताजी चीर सापडली, तर तिथे थांबण्याचा प्रश्नच नाही. अशा चिरा उपचाराविना सोडल्या तर निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांचा पडदा सुटतो आणि वेळेवर लेझर केल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांखाली येते. आमच्या क्षेत्रात याहून स्पष्ट हिशेब क्वचितच मिळतो.

पाऊसवेडा, तुमच्या वडिलांचा पडदा साठीनंतर सुटला. त्या वयात काचाभ द्रव आकसून पडद्यापासून सुटणे ही सर्वसामान्य घटना आहे, तिच्यामुळे चीर पडू शकते आणि तेवढ्यावरून आनुवंशिक विकार ठरत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: माझ्या लॅटिसमध्ये ओढ असलेली चीर आहे का, आणि काचाभ द्रव अजून पडद्याला चिकटलेला आहे का?

---

सातासमुद्रापार

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि आमच्या मुलाला पहिल्या प्रकारचा स्टिकलर आहे. तो पाच वर्षांचा असताना त्याच्या दोन्ही डोळ्यांवर केंब्रिजला क्रायोथेरपी झाली. येथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०११ पासून स्टिकलरसाठी खास केंद्र चालवले आहे. तिथे एकाच भेटीत डोळे, ऐकणे, सांधे आणि जनुके या सगळ्यांचा विचार होतो.

उपचार पूर्ण भूल देऊन झाला. डोळा कापून उघडत नाहीत. बाहेरच्या पांढऱ्या भागावर गोठवणारी कांडी टेकवत टेकवत पडद्याच्या पुढच्या कडेला संपूर्ण गोल फिरवतात आणि एकही फट राहू देत नाहीत. पापण्या चांगल्याच सुजल्या होत्या, डोळे लाल होते आणि पहिले काही दिवस मूल किरकिरे होते. थेंबांच्या औषधाने हळूहळू सारे उतरले. आईवडिलांना सर्वांत जड जाते ते हे की, मूल हसतखेळत आत जाते आणि आपण स्वतःच सही केलेली असल्यामुळे सुजलेले डोळे घेऊन बाहेर येते. मी हे स्पष्ट लिहिते आहे, कारण या अवस्थेची मनाची तयारी असेल तर ते दिवस सोपे जातात.

आम्हाला वारंवार बजावण्यात आले की यामुळे धोका खूप कमी होतो, पण संपत नाही. त्यामुळे तपासण्या चालूच आहेत आणि प्रत्येक डोळा वेगवेगळा झाकून ‘काय दिसते’ हे विचारण्याची सवय आम्ही घरात लावली आहे.

---

ताळेबंद

मला काही मुद्दे आग्रहाने मांडायचे आहेत. ४८७ रुग्णांचा अभ्यास प्रभावी वाटतो, पण तो मागे वळून, म्हणजे जुन्या नोंदी तपासून केलेला आहे. कोणाला उपचार द्यायचा आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. ज्यांच्यावर उपचार झाले नाहीत त्यांच्यात असे अनेक लोक असणार, जे पडदा सुटल्यावरच पहिल्यांदा त्या केंद्रात पोहोचले. साहजिकच त्या गटात पडदा सुटलेले अधिक दिसणार. ब्रिटनमध्येच २०११ साली झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात निकषांना उतरणारे केवळ दोन अभ्यास सापडले होते आणि दोन्ही मागे वळून केलेले होते.

आधीच लेझर करून रोग टाळावा ही कल्पना पटणारी असते, म्हणून ती खरी ठरतेच असे नाही. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेत पडद्यावर साचणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांवर सौम्य लेझर केले तर ते विरघळतात, असे दिसले होते. त्यावरून दृष्टी वाचेल अशी मोठी आशा होती. शेवटी १,०५२ लोकांच्या एका डोळ्यावर लेझर करून व दुसरा तसाच ठेवून अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले आणि दृष्टी वाचवण्याच्या बाबतीत दोन्ही डोळ्यांत काहीही फरक पडला नाही. ठिपके मात्र खरोखर कमी झाले होते. लॅटिसबाबतही वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याला एकही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी सापडलेली नाही. चांगल्या डोळ्याला हात लावण्याआधी एवढे तरी लक्षात घ्यावे.

---

कृष्णाकाठ

ताळेबंद यांचे आक्षेप योग्य आहेत आणि केंब्रिजच्या अभ्यासाविषयी तज्ज्ञांमध्येही त्यांवर चर्चा झालेली आहे. तरी मी पहिल्या प्रकारच्या स्टिकलरमध्ये उपचाराच्या बाजूने का उभा राहतो, ते सांगतो.

पहिले कारण धोक्याच्या आकाराचे आहे. सामान्य लॅटिसमध्ये उपचार न करता पडदा सुटण्याची शक्यता शेकड्यात एकाहूनही कमी. पहिल्या प्रकारच्या स्टिकलरमध्ये ती निम्म्याच्या वर. केंब्रिजच्या अभ्यासात उपचार न झालेल्यांपैकी ५३.६ टक्क्यांचा पडदा सुटला, दोन्ही डोळ्यांवर उपचार झालेल्यांपैकी ८.३ टक्क्यांचा. निवडीतल्या पक्षपातामुळे हा फरक फुगलेला असेल हे मी मान्य करतो. पण पाचपट किंवा सातपट फरक संपूर्णपणे पक्षपातातून आला असे मानणेही कठीण आहे. मॅक्युलाच्या ठिपक्यांच्या चाचणीत हजाराहून अधिक रुग्ण मिळू शकले, कारण तो आजार सर्वत्र आढळतो. स्टिकलरसारख्या दुर्मीळ विकारात, आणि तेही लहान मुलांत, निम्म्यांना उपचार नाकारणारी चाचणी उभी राहण्याची वाट पाहणे म्हणजे एका पूर्ण पिढीचे डोळे पणाला लावणे होय.

दुसरे कारण चीर कुठे पडते हे आहे. स्टिकलरमध्ये धोक्याची जागा ठाऊक असते, ती म्हणजे ओरा सेराटाच्या लगतची पट्टी. लेझर की क्रायो या रानजाईताईंच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. बाहुलीतून आत टाकलेला लेझर त्या टोकाच्या कडेपर्यंत नेणे अवघड असते. सहज पोहोचता येते तिथे, म्हणजे थोडे मागे लेझर केले आणि चीर त्या ओळीच्या पुढे पडली, तर ती मागे सरकून उपचाराची ओळ ओलांडू शकते. क्रायोची कांडी बाहेरून टेकवत असल्यामुळे कडेपर्यंत बिनचूक जाते. डोक्यावर बसवलेल्या उपकरणातून, बाहेरून डोळा दाबून लेझर केल्यास तोही कडेपर्यंत नेता येतो आणि अमेरिकेतील काही शल्यचिकित्सक कडेपासून बरेच मागेपर्यंत रुंद पट्टा लेझरने भरतात. साधन कोणते यापेक्षा उपचार कडेला टेकलेला आणि संपूर्ण गोलाकार, विनाखंड आहे का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

तोटेही सांगितले पाहिजेत. प्रमाणाबाहेर लेझर किंवा क्रायो झाल्यास पडद्यामागील रक्तवाहिन्यांच्या थराला सूज येऊन पाणी साचू शकते, मॅक्युलावर बारीक पापुद्रा चढू शकतो. कडेच्या भागातून बाहुलीकडे जाणाऱ्या सूक्ष्म नसांना इजा झाल्यास बाहुली मोठी राहते व जवळचे वाचायला त्रास होतो. हे दर रुग्णात होत नाही. परंतु संमतिपत्रावर सही घेण्याआधी ते सांगितले गेलेच पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. आनुवंशिक म्हटले की एकच उपचार, असे होत नाही. एक्स गुणसूत्राशी निगडित रेटिनोस्कायसिसमध्ये पडद्याचेच थर विलग झालेले असतात. तिथे खबरदारीचे लेझर केल्यामुळे उलट पडदा सुटू शकतो. फेव्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कौटुंबिक विकारात कडेच्या भागाला रक्तपुरवठाच पोहोचलेला नसतो. नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू लागल्या की तिथे लेझर फार उपयोगी पडते. फॉन हिप्पेल-लिंडाऊ विकारातील रक्तवाहिन्यांची गाठ लहान असतानाच लेझरने नष्ट करता येते, म्हणून त्या कुटुंबांतील मुलांची तपासणी लहान वयापासून दरवर्षी करतात. रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसाची वाढ लेझरने थांबत नाही; त्यासाठी कोणी लेझर सुचवत असेल तर दुसरे मत घ्यावे.

---

भीमथडी

आमच्या तालुक्याला दृष्टिपटलाचे डॉक्टर नाहीत. चष्म्याच्या दुकानात यंत्रावर नंबर काढतात आणि मूल घरी येते. डॉक्टरसाहेब, दोन गोष्टी विचारतो. मोठा नंबर असलेल्या कोणत्या मुलांना शहरात नेऊन दाखवलेच पाहिजे? आणि नंबर काढून टाकणारे लेझर केले तर पडद्याचाही धोका जातो का? आमच्या पुतण्याला एका ठिकाणी तसेच सांगितले आहे.

---

कृष्णाकाठ

भीमथडीदादा, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नंबर काढणारे लेझर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला नवा आकार देते. डोळ्याची वाढलेली लांबी, आतला काचाभ द्रव आणि ताणलेला पडदा यांत काहीही बदल होत नाही. उणे दहाचा नंबर शून्य झाला तरी पडद्याच्या दृष्टीने तो डोळा उणे दहाचाच राहतो. पुतण्याला पडद्याची वेगळी तपासणी करायलाच हवी.

पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत असे. शाळेत जाऊ लागल्यावर हळूहळू वाढत गेलेला नंबर आजकाल अनेक मुलांत दिसतो. परंतु तीन-चार वर्षांच्या वयातच मोठा नंबर सापडला, आणि त्यासोबत दुभंगलेला टाळू, जन्मतः फार लहान हनुवटी व श्वास-गिळण्याचा त्रास, कमी ऐकू येणे, विलक्षण लवचिक सांधे, किंवा घरात कोणाचा कमी वयात पडदा सुटल्याचा इतिहास यांपैकी एकही गोष्ट असली, तर बाहुली मोठी करून, बाहेरून डोळा हलकेच दाबून पडद्याच्या कडेपर्यंतची तपासणी दृष्टिपटलतज्ज्ञाकडूनच करून घ्यावी. अगदी लहान मूल स्थिर राहत नसेल, तर ही तपासणी भूल देऊन करतात. यंत्रावरचा नंबर किंवा पडद्याचा एकच फोटो तिची जागा घेऊ शकत नाही.

---

गुणसूत्र

मी जनुकीय समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. एक महत्त्वाची गोष्ट आतापर्यंत चर्चेत आलेली नाही. सीओएल२ए१ या जनुकाच्या दुसऱ्या एक्सॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यात दोष असेल, तर विकार जवळजवळ डोळ्यापुरताच मर्यादित राहतो, कारण प्रौढ कूर्चेत तयार होणाऱ्या कोलॅजेनमधून तो तुकडा वगळला जातो आणि डोळ्यातल्या कोलॅजेनमध्ये तो राहतो. अशा व्यक्तीचा टाळू, सांधे आणि ऐकणे व्यवस्थित असते. म्हणजे ‘आमच्या मुलात बाकी काहीच लक्षण नाही’ यावरून स्टिकलर नाही असे ठरत नाही. कुटुंबात दोन किंवा अधिक व्यक्तींचा पडदा कमी वयात सुटला असेल, तर इतर लक्षणांची वाट न पाहता जनुकीय तपासणीचा विचार करावा.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी विकार स्पष्ट दिसत असलेल्या व्यक्तीची, म्हणजे इथे भाच्याची, तपासणी करायची. त्याच्यात नेमका कोणता बदल आहे हे कळले की बाकीच्यांत केवळ तोच बदल शोधता येतो. ती तपासणी सोपी असते आणि तिचे उत्तर हो किंवा नाही असे निःसंदिग्ध मिळते. उलट, निरोगी दिसणाऱ्या बहिणीची आधी तपासणी केली आणि काही सापडले नाही, तर त्या नकाराचा नक्की अर्थ लावता येत नाही. अहवालात कधी कधी ‘महत्त्व अनिश्चित असलेला बदल’ असाही शेरा येतो. त्याच्या जोरावर चांगल्या डोळ्यावर उपचार करू नयेत. आधी तो बदल कुटुंबातल्या बाधित व्यक्तींबरोबरच चालत आला आहे का, हे पाहावे.

लहान मुलांची जनुकीय तपासणी अनेक विकारांत मूल सज्ञान होईपर्यंत थांबवावी, असे आम्ही सांगतो. स्टिकलर त्याला अपवाद आहे, कारण धोका बालपणातच सुरू होतो आणि उत्तर कळल्यावर करता येण्यासारखे काही आहे.

---

पाऊसवेडा

डॉक्टरांनी सुचवलेले दोन्ही प्रश्न विचारून आलो. ओढ असलेली चीर नाही आणि काचाभ द्रव अजून जागेवर आहे. लेझर न करण्याचे ठरवले. मात्र वीज चमकणे, ठिपक्यांचा अचानक पाऊस किंवा कडेने काळी सावली येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवायचे, सकाळची वाट पाहायची नाही, हे मला व बायकोलाही नीट समजावून सांगितले आहे. मनावरचे फार मोठे ओझे उतरले.

---

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. ही चर्चा वाचून आमच्या घरात दोन गोष्टी ठरल्या. भाच्याच्या डाव्या डोळ्यावर क्रायोथेरपी करून घ्यायची, कारण त्याचे निदान पक्के आहे, एका डोळ्यावर संकट येऊन गेले आहे आणि आता उरलेला धोका एकुलत्या चांगल्या डोळ्यावर आहे. शल्यचिकित्सकांनी आम्हाला पडद्याचे चित्र काढून नेमकी पट्टी कुठवर येणार ते दाखवले. ती ओरा सेराटाला टेकते आणि पूर्ण गोल फिरते. इथे वाचले नसते तर हा प्रश्न आम्हाला सुचलाच नसता. भूलतज्ज्ञांनाही टाळू व हनुवटीचा इतिहास आधीच सांगितला, कारण अशा मुलांत श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते.

भाचीवर मात्र आत्ताच काही करायचे नाही. तिचा नंबर मोठा आहे म्हणून बहीण दोघांचाही उपचार एकदमच करून टाकण्याच्या विचारात होती. आता भाच्यात सापडलेला तोच बदल तिच्या रक्तात आधी शोधला जाईल. तो सापडला, तर तिच्याही दोन्ही डोळ्यांचा उपचार पुढच्या सुट्टीत करू. सापडला नाही, तर तिचा नंबर इतर मुलांसारखाच नंबर आहे असे समजून, तिला या सगळ्यातून मोकळे करता येईल. माझी स्वतःची आणि माझ्या भावाची तपासणीही त्याच वेळी होणार आहे. वडिलांची रुग्णालयातली जुनी कागदपत्रे शोधायला घेतली आहेत.

ज्यांच्या मुलांवर असा संपूर्ण गोलाकार उपचार महाराष्ट्रात झालेला आहे, त्यांनी कृपया इथे लिहावे: उपचारानंतर जवळचे वाचताना, विशेषतः शाळेची वही लिहिताना, मुलांना काही अडचण आली का, आणि आली असल्यास ती जवळच्या चष्म्याने गेली का?